डेर, डी, डास आणि तो, ती, ते

आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला 'पुढचा देश कोणता?' हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. इथला मुक्काम इकाम्याच्या मुदतीवर आणि मुलांची भारतीय शाळा बारावीला संपणारी. त्यात जुलै २०१७ पासून घरातल्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा रक्कम भरावी लागू लागली; ती १०० रियालपासून सुरू झाली आणि २०२० मध्ये ४०० रियालवर गेली. हा हिशेब मांडून झाला की नकाशा उघडला जातो. पूर्वी बोट कॅनडावर किंवा ऑस्ट्रेलियावर थांबत असे. अलीकडे ते जर्मनीवर थांबू लागले आहे. कारणेही उघड आहेत. १ जून २०२४ पासून जर्मनीने 'शान्सनकार्टे' नावाचा, नोकरी शोधण्यासाठीचा परवाना सुरू केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर झाले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार करून सुमारे दहा हजार तरुण तिकडे पाठवण्याचा संकल्प सोडला. (या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि आपली मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, ही माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असेल.)

तेव्हा रियाधमधल्या मराठी घरांतून 'इश हाइसे...' ऐकू येऊ लागले असेल तर नवल नाही. नवल वेगळेच आहे. हे सगळे शिक्षण इंग्रजीच्या खांद्यावर बसून चालले आहे, आणि त्यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नाही. या लेखात मला जर्मनच्या प्राथमिक शिक्षणाची साधने तपासायची आहेत. एक इंग्रजीतून लिहिलेले स्वयंशिक्षक, एक सर्वस्वी जर्मनमध्ये असलेले रंगीत पाठ्यपुस्तक, एक मोबाइलवरचा दैनंदिन अभ्यास आणि भारतीय शिक्षकांच्या चित्रफितींची एक लांबलचक मालिका, एवढा ऐवज मी गेल्या दीड वर्षात पचवला आहे. नावे देत नाही, कारण माझी तक्रार एकेका पुस्तकाविरुद्ध नसून त्या सगळ्यांमागे असलेल्या एका गृहीतकाविरुद्ध आहे. ते गृहीतक असे, की शिकणाऱ्याच्या डोक्यात एकतर इंग्रजी आहे, नाहीतर काहीच नाही.

आमचा वर्ग म्हणजे बत्हातल्या आमच्या इमारतीत शुक्रवारी दुपारी जमणारी चार माणसे. 'बत्हा' या अरबी शब्दाचा अर्थ ओढ्याचा रेताड, खडकाळ तळ. आज त्या तळावरून पाण्याऐवजी माणसे वाहतात: मल्याळी, बंगाली, नेपाळी, पाकिस्तानी, येमेनी, फिलिपिनो. या गर्दीत आमचे मराठीचे बेट लहानसेच. वर्गात लातूरकडच्या एक परिचारिका आहेत, सांगली जिल्ह्यातला, आयटीआय झालेला एक वायरमन आहे, माझी दहावीतली मुलगी आहे आणि मी. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोट सॉफ्टवेअरवर, म्हणजे भाषाशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही वायरमन मला 'सर' म्हणतो आणि परिचारिका, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, कधीकधी थट्टेने 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. हा वर्ग सुरू होण्याचे कारण वायरमनच. गावी सुट्टीवर गेला असताना तो जर्मन शिकवणाऱ्या एका खासगी क्लासमध्ये चौकशीला गेला होता. तिथे त्याला सांगण्यात आले, 'आधी इंग्रजी सुधारा, मग या.' विजेच्या पॅनेलसमोर हा मुलगा भल्याभल्यांना गप्प करतो. त्याचे मराठी तर अस्सल कृष्णाकाठचे.

आता त्याच्या मराठीचा जर्मनशी काय संबंध, ते पाहू.

जर्मन म्हटले की इंग्रजी पुस्तके आधी घाबरवतात ती लिंगांनी. पुल्लिंगी नामाआधी 'डेर', स्त्रीलिंगी नामाआधी 'डी', नपुंसकलिंगी नामाआधी 'डास'. (उच्चार डोळ्यांपुढे राहावेत म्हणून मी जर्मन शब्द देवनागरीत लिहितो आहे. 'दास' लिहिले तर सेवक होतो आणि 'डास' लिहिले तर चावतो. चावलेला लक्षात राहतो.) या भीतीची परंपरा जुनी आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने १८८० मध्ये आपल्या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात जर्मन भाषेची यथेच्छ टवाळी केली. जर्मनमध्ये तरुण मुलीला लिंग नाही आणि सलगमच्या कंदाला मात्र आहे, अशी त्याची प्रसिद्ध तक्रार. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग उरलेले नाही, म्हणून त्याला हसू येणे स्वाभाविक होते. आक्षेप आहे तो त्याचे हसू आपण उसने घेतो याला. आमच्या इंग्रजी स्वयंशिक्षकात हा विनोद दुसऱ्याच प्रकरणात येतो आणि चित्रफितीतले आपले शिक्षकही तो हसतहसत सांगतात.

मराठी माणसाने यात हसण्यासारखे काय आहे? तो, ती, ते ही तीन लिंगे आपण आईच्या दुधाबरोबर घेतली. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले, बंगालीने व्याकरणिक लिंगच टाकले. मराठी, कोकणी आणि गुजरातीने तिन्ही सांभाळली. 'मेटशेन' म्हणजे मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी का? तर 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय ज्याला लागतो तो शब्द नपुंसकलिंगी होतो. आता आपल्याकडची लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू ही सगळी मंडळी पाहा. लहान, गोजिरवाणे, म्हणून 'ते'. आणि ज्यांना अगदी तंतोतंत दाखला हवा असेल त्यांनी तळकोकणात जावे. मालवणी आणि कोकणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि ती चक्क नपुंसकलिंगी. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही आजीला 'मेटशेन'चे लिंग समजावून सांगायची गरज पडणार नाही, आणि ट्वेनचा विनोदही तिला कळणार नाही.

अर्थात, लिंग ही कल्पना ठाऊक असणे वेगळे आणि शब्दाशब्दाचे लिंग ठाऊक असणे वेगळे. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'डी झोने' स्त्रीलिंगी. आपले टेबल नपुंसकलिंगी, त्यांचा 'डेर टिश' पुल्लिंगी. शब्द पाठ करण्यावाचून सुटका नाही. पण कल्पनाच नव्याने रुजवायची असते तेव्हा इंग्रजाचे सहा महिने जातात. ते आपले वाचायला हवेत. आणि लिंग ठरवताना होणारे घोळसुद्धा ओळखीचे आहेत. मराठीत 'ईमेल' तो की ती, यावर आमच्या कार्यालयात दोन तट आहेत. जर्मनीत ईमेल 'डी', ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडे बरेचदा 'डास'. अशी भांडणे आतून ओळखीची असली की भाषेशी सोयरीक लवकर जुळते.

तीच गोष्ट 'डी'ची. एकवचनात स्त्रीलिंगाला 'डी' आणि अनेकवचनात सगळ्यांनाच 'डी', यावर इंग्रजी पुस्तक एक चौकट खर्च करते आणि सांत्वनाचे दोन शब्द लिहिते. आपण 'ती बाई' म्हणतो आणि 'ती मुले'ही म्हणतो. सांत्वन कशाला?

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिथे इंग्रजीची मध्यस्थी मदत तर करीत नाहीच, उलट चुका शिकवते. थंडी वाजते हे जर्मनमध्ये 'मीर इस्ट काल्ट' असे सांगतात. 'मीर' म्हणजे 'मला', चतुर्थी. 'मला गार वाटतंय', जशाच्या तशी रचना. इंग्रजीत मात्र कर्ता प्रथमेत येतो, म्हणून इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'इश बिन काल्ट' म्हणतो, आणि ऐकणारा तो माणूस थंड, कोरड्या स्वभावाचा आहे असे समजू शकतो. आमच्या वर्गात ही चूक कोणी केली असेल? वायरमनने नाही. ताईंनी आणि माझ्या मुलीने, म्हणजे ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांनीच. मी फळ्यावर 'मीर इस्ट काल्ट' लिहून शब्दांचे अर्थ सांगितले तेव्हा वायरमन म्हणाला, "सर, हे तर आपलं 'मला'च की! मग त्या चित्रफितीत एवढं रडारड करून का सांगत्यात?"

त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. 'डास गेफेल्ट मीर' म्हणजे 'ते मला आवडते'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण चतुर्थीत. इंग्रजी पुस्तक हे समजावताना आधी वाक्य उलटे करते, मग ते कसे विचित्र आहे ते सांगते आणि मग ते पाठ करायला लावते. मराठी मुलाला प्रथम इंग्रजीच्या सरळपणात आणून मग जर्मनच्या वळणावर न्यायचे, हा प्रकार म्हणजे सांगलीहून मिरजेला जाण्यासाठी मुंबईची गाडी पकडण्यासारखा आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वाया गेलेले गणन म्हणतो: तयार उत्तर स्मृतीत असताना ते पुसायचे आणि पुन्हा काढायचे.

वाक्यातला शब्दक्रम हे दुसरे असेच प्रकरण. जर्मन शिकवणारे एक सूत्र घोकून घेतात, 'टेकामोलो': आधी काळ, मग कारण, मग रीत, मग स्थळ. 'इश फारे मॉर्गन वेगन डेर आर्बाइट मिट डेम बुस नाख दम्माम.' क्रियापद 'फारे' तेवढे बाजूला ठेवा आणि उरलेले मराठीत ओळीने म्हणा: मी उद्या कामासाठी बसने दम्मामला. आपण कोणतेही सूत्र न घोकता असेच बोलतो. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही 'नियम क्रमांक अमुक' म्हणून येते. 'वाइल इश काइने त्साइट हाबे', कारण मला वेळ नाही. क्रियापद शेवटी जाणे हा ज्यांच्या भाषेचा धर्मच आहे त्यांना अपवाद सांगायचा तर मुख्य वाक्याचा सांगावा, कारण तिथे ते दुसऱ्या जागी येऊन बसते. आणि तिथेही बोलीतले 'उद्या जातो मी' हाताशी आहेच: 'मॉर्गन गेहे इश'.

जोडशब्दांबद्दल फार लिहीत नाही. हातमोज्याला जर्मनमध्ये 'हान्टशू', म्हणजे हाताचा बूट म्हणतात, याची इंग्रजीत मोठी गंमत वाटते. आपण मोजा म्हणतो, ते बूट म्हणतात, एवढाच फरक. समासाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते हा नियमही 'देवघर' आणि 'बैलगाडी' या दोन शब्दांत सांगून संपतो. देव पुल्लिंगी, पण देवघर 'ते'; बैल पुल्लिंगी, पण बैलगाडी 'ती'.

आकड्यांवर मात्र थांबायला हवे. एकवीसला जर्मनमध्ये 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. ('आणि' या अर्थाचा शब्द शेवटचा व्यंजनवर्ण कठोर होऊन 'उंट' असाच ऐकू येतो, रियाधमध्ये राहून तो विसरणे शक्य नाही.) इंग्रजी पुस्तक म्हणते, सावधान, आकडे उलटे आहेत! उलटे कोणाच्या दृष्टीने? एकवीस, बावीस, पंचवीस. आपल्याकडेही एककच आधी येतो. बत्हाच्या बाजारात भाजीवाला पंचवीस रियाल सांगताना 'खम्सा व इश्रीन' म्हणतो, पाच आणि वीस. मधला 'आणि' धरून जर्मनची हुबेहूब रचना. मराठी डोके आणि अरबी कान घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे आकडे उलटे वाटतात, याचे कारण एकच: तो आता आकडे इंग्रजीत मोजतो.

गंमत म्हणजे दोन्ही समाजांत या आकड्यांवरून वादही सारखाच झाला आहे. बोखुमचे गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सन यांनी २००४ मध्ये 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे 'वीस-एक', या नावाची संस्थाच काढली. मुलांचा गोंधळ टळावा म्हणून दशक आधी म्हणावे, ही तिची मागणी. आणि २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी नवी संख्यानामे आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते, ते आपण इथे बसून पाहिले आहे. मंगला नारळीकरांनी तेव्हा त्या बदलाची बाजू मांडली होती, मुलांच्या सोयीसाठी. त्यांच्या युक्तिवादात तथ्य होते असे मला आजही वाटते. तरीही जर्मन शिकताना 'त्रेसष्ट' ज्याच्या तोंडी आहे तो 'द्राय-उंट-झेश्त्सिश' पटकन उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे. माझी मुलगी इतर सगळ्या बाबतीत आमच्यापुढे आहे; कान तल्लख, उच्चार स्वच्छ. आकडे आले की ती अडखळते, कारण तिला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक सांगता येत नाही. हा दोष जर्मनचा नाही, आणि तिचाही नाही.

इथे काही वाचक म्हणतील, 'अहो, हे सगळे जुनेच. संस्कृत येणाऱ्याला जर्मन सोपे जाते, हे आमचे मास्तर सांगत असत.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचीही परीक्षा घेणे भाग आहे. फ्रान्त्स बॉप यांनी १८१६ मध्ये संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या क्रियापदांची तुलना छापली, तेव्हापासून या नात्याबद्दल शंका नाही. 'अस्ति' आणि 'इस्ट', 'नव' आणि 'नॉय', 'दुहितृ' आणि 'टॉख्टर' ही भावंडेच आहेत. जर्मनीशी आपल्या पंडितांचे संबंधही मोठे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर बर्लिनचे डॉक्टर; इरावती कर्वेही १९३० मध्ये बर्लिनहूनच डॉक्टरेट घेऊन आल्या. पण या वैभवाचा 'ए-वन' या पहिल्या पायरीच्या परीक्षेत उपयोग किती? जवळजवळ शून्य. तिथे सुमारे ६५० शब्दांचा संग्रह लागतो, एक फॉर्म भरता यावा लागतो, चार ओळींचे पत्र लिहिता यावे लागते, स्वतःची ओळख करून देता यावी लागते, आणि १०० पैकी ६० गुण मिळाले की झाले. शाळेत संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवलेली माणसेही 'देवः देवौ देवाः' म्हणून थांबतात, बोलत नाहीत. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा जणू या दोनच भाषा एकमेकींसमोर उभ्या आहेत असा वाद रंगला. त्या वादात मातृभाषेचे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. जर्मनशी आपले व्यवहारातले नाते जुळते ते मराठीतून, रोजच्या, बोलत्या, क्रियापद शेवटी टाकणाऱ्या मराठीतून. अभिमानासाठी संस्कृत आणि पोटासाठी इंग्रजी, अशी वाटणी करून आपण मराठीच्या वाट्याला काहीच ठेवलेले नाही.

आता दुसरी बाजू. मराठी सगळीकडे तारत नाही, काही ठिकाणी ती दगा देते, आणि मराठीतून लिहिलेले पुस्तक हवे असे मी म्हणतो ते मुख्यतः यासाठीच. पहिला दगा 'ला'चा. 'मी मुलाला पाहतो' आणि 'मी मुलाला देतो' या दोन्ही वाक्यांत आपला 'ला' एकच. जर्मनमध्ये पहिल्यात द्वितीया, 'डेन युंगन', आणि दुसऱ्यात चतुर्थी, 'डेम युंगन'. इंग्रजी पुस्तकाला ही अडचण ठाऊकच नाही, कारण ती इंग्रजाची अडचण नव्हे. आम्ही वर्गात एक कसोटी बसवली आहे: कर्माच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून पाहायची. 'मी घर पाहतो'. 'ला' गळाला, तेव्हा द्वितीया. 'मी संस्थेला देतो'. 'ला' टिकला, तेव्हा चतुर्थी. दहातल्या आठ वेळा कसोटी लागू पडते. 'विचारणे' आणि 'फोन करणे' इथे ती फसते, कारण जर्मन त्यांना द्वितीया लावते. ही दोन क्रियापदे भिंतीवर लिहून ठेवली आहेत.

दुसरा दगा सप्तमीचा. 'मी शहरात जातो' आणि 'मी शहरात राहतो', आपल्याला दोन्हीकडे 'शहरात'. जर्मनमध्ये जाताना 'इन डी श्टाट', राहताना 'इन डेर श्टाट'. गती असेल तर द्वितीया, स्थिती असेल तर चतुर्थी. इथे मात्र संस्कृतवाल्यांना न्याय द्यायला हवा. 'नगरं गच्छति' आणि 'नगरे वसति' हा भेद त्यांच्या कामी येतो.

तिसरी गोष्ट उच्चाराची, आणि ती निम्मी वरदान, निम्मी फसगत आहे. जर्मन वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराचा उच्चार 'त्स' असा होतो. हिंदी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याकडे तो चाक, चोर, चूल यांतल्या दंततालव्य 'च'मध्ये जन्मापासून आहे. 'त्साइट' म्हणायला सांगताना मी 'चाकातला च' एवढेच म्हणतो. पण मराठीत हा 'च' इ-ए या स्वरांपुढे टिकत नाही. 'चमचा' म्हणताना एक आणि 'चमचे' म्हणताना दुसरा. म्हणून 'त्सिमर', म्हणजे खोली, आमच्या तोंडी 'चिमर' होते, आणि दहा या अर्थाचा 'त्सेन' चटकन 'चेन' होतो. हे कारण सांगितले की चूक एका आठवड्यात जाते. न सांगता 'पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा' करीत राहिले तर वर्ष जाते. मोबाइलवरचा अभ्यास नेमके हेच करतो. तो चूक पकडतो, लाल रंग दाखवतो, दुःखी चेहरा दाखवतो. चूक का झाली ते त्याला माहीत नसते.

त्या अभ्यासाबद्दल इथेच आणखी थोडे. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. मेट्रोत बसून शब्द घोटायला त्याच्यासारखे साधन नाही (बत्हातून जाणाऱ्या निळ्या मार्गिकेच्या गाड्या सीमेन्सच्या आहेत, म्हणजे वाहनही जर्मनच). पण तो जे शिकवतो त्याची जात मला बत्हातल्या बाजारी अरबीची वाटते. इथे नवा आलेला कामगार 'फी' आणि 'माफी', आहे आणि नाही, या दोन शब्दांवर महिनाभरात व्यवहार करू लागतो. आणि वीस वर्षांनीही तो तिथेच असतो. त्या भाषेत सौदा होतो. अर्ज लिहिता येत नाही, डॉक्टरला दुखणे सांगता येत नाही, मुकादमाशी हक्काने बोलता येत नाही. आमच्या ताईंना जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर 'बी-टू'पर्यंत जायचे आहे, रुग्णाच्या नातेवाइकाला धीर द्यायचा आहे. रोजच्या दहा मिनिटांच्या खेळाने तो पाया घातला जात नाही.

सर्वस्वी जर्मनमध्ये असलेले पाठ्यपुस्तक या सगळ्यांत उत्तम. चित्रे नेमकी आहेत, ध्वनिफिती स्वच्छ, पहिल्या धड्यापासून माणसे बोलू लागतात. तीन लिंगांना तीन रंग देण्याची युक्तीही चांगली. त्याच्या कर्त्यांची अडचण मला समजते: तेच पुस्तक ब्राझील, व्हिएतनाम आणि तुर्कस्तानात चालायचे, तर कोणाच्याच मातृभाषेचा आधार घेता येत नाही. ते तटस्थ राहते, आणि तटस्थ राहणे हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. पण मग ती पोकळी भरायला आपल्याकडून जे पूरक साहित्य यायला हवे ते मराठीतून येण्याऐवजी इंग्रजीतून येते. पोकळी भरण्याऐवजी तिच्यात आणखी एक परका पाहुणा आणून बसवला जातो.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. त्या पुस्तकांची आज थट्टा होते, घोकंपट्टी म्हणून. पण त्यांचा पाया शहाणपणाचा होता: विद्यार्थ्याला मराठी येते हे धरून चालायचे, आणि तिथून एकेक पायरी चढवायची. त्याआधी १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण छापले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' दिले. विभक्ती, प्रयोग, सामान्यरूप यांची एवढी तयारी घरात असताना 'तो माणूस, त्या माणसाला' याच्या शेजारी 'डेर मान, डेम मान' लिहायला आपल्याला लंडनमधले प्रकाशक लागावेत? आमचा वायरमन या दोन ओळी शेजारीशेजारी पाहून म्हणाला होता, "तो'चा 'त्या' होतो तसा 'डेर'चा 'डेम' होतो, असंच ना?" इतक्या थोडक्यात हे सांगणारे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

शासनाच्या योजनेतले ते दहा हजार तरुण डोळ्यांपुढे आणा. वाहनचालक, नळजोडणी करणारे, वायरमन, परिचारिका. यांतले कितीतरी मराठी माध्यमात शिकलेले असणार. त्यांच्यासमोर जर्मनचा दरवाजा आहे, आणि त्या दरवाजाला आपणच इंग्रजीचे कुलूप घातले आहे. इंग्रजी येणे चांगले, जर्मनीतल्या नोकरीत ते उपयोगीही पडेल. पण शिकण्याची पूर्वअट म्हणून ते मागणे हा निव्वळ अन्याय आहे, आणि शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर मूर्खपणाही.

आमच्या वर्गाच्या वहीत आजवर ४२ पाने झाली आहेत. डावीकडे मराठी, उजवीकडे जर्मन, खाली 'इथे मराठी फसवते' अशी चौकट. ताईंनी रुग्णालयातल्या बोलण्याची आठ पाने वेगळी लिहिली आहेत, वायरमनने अवजारांची नावे लिंगांसह गोळा केली आहेत. आकड्यांचे पान माझ्या मुलीकडे आहे. ती सध्या आजीला रविवारी फोन करून एक ते शंभर म्हणून दाखवते, आधी मराठीत आणि मग जर्मनमध्ये. वही कोणाला हवी असेल तर मंडळाच्या चिटणिसांकडे नाव द्यावे, प्रती काढून देऊ. आणि ज्यांनी 'ए-वन' किंवा त्यापुढची परीक्षा दिली आहे त्यांनी आपल्या जुन्या वह्या रद्दीत टाकण्याआधी एकदा आम्हाला पाहू द्याव्यात. 'डेन' आणि 'डेम'च्या पानावर आम्हाला अजून भर हवी आहे.